फणसांब्याची जागा

खांडके बाईंनी फणसांब्याचा तुकडा तळहातावर घेतला, काळ्या बुचाच्या बाटलीतला एक थेंब त्यावर सोडला आणि आम्हाला म्हणाल्या, "आता बघा."

गोपाळ जवळजवळ नाक लावूनच बसला होता. तुकडा आतून गंजलेल्या कोयत्यासारखा तांबूस. थेंब पडला तिथं बघता बघता काळा झाला, तव्याच्या बुडासारखा.

"आयला," गोपाळ म्हणाला, "कॉलेजात जादू शिकवतात व्हय? आमी पोरांना तिकडं पाठवत नाय ते बरंच हाय."

"जादू नाही हो, गोपाळभाऊ. ही ओळख पटवायची रीत आहे. ह्या जमातीतली सगळी अशी काळी पडतात. दुसरी भूछत्रं नाही पडत."

"पण बाई, आमी तर ह्याला लांबूनच वळखतो. फणसावर आला म्हणजे फणसांबा. थेंब कशाला?"

बाईंनी तोंडातली लवंग ह्या गालातून त्या गालात सरकवली. "तुम्ही ओळखता ते फळ. मला झाड ओळखायचंय."

गोपाळनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मी चौथी नापास, तो दुसरीतून पळालेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जुन्या फणसाच्या खोडावर कधी कधी एक गड्डा येतो. घोड्याच्या खुरासारखा, वरून काळा, भेगाळलेला, लाकडासारखा कठीण. तोच फणसांबा. लहान पोराचं तोंड आलं, लाळ थांबेना, की तो सहाणेवर पाण्यात उगाळून पोराच्या तोंडात लावायचा. आमच्या वाडीत तो माझ्या आईकडं असायचा. घासलेटच्या जुन्या डब्यात, भातेणाच्या पेंढ्यात गुंडाळून. कोणीही यावं, न्यावं. ती कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. फक्त एक गोष्ट विचारायची नाही, तो कुठल्या झाडावरचा ते. जागा सांगितली की गुण जातो, असं आमच्यात आहे. शिमग्याच्या आधी मी एकटा जाऊन तो काढून आणायचो. जाता येता कोणाशी बोलायचं नाही. आईच्या हातात द्यायचा आणि मग तोंड उघडायचं.

मी आणि गोपाळ रांबाडे, आम्ही जोडीनं करवत ओढायचो. मोठं लाकूड घोडीवर चढवायचं, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालच्याच्या डोळ्यात भुसा पडतो. गोपाळ वरचा. सतरा वर्षं मी त्याचा भुसा खाल्ला. पावसाआधी तो लोकांचे फणसही उतरवायचा. दोर कमरेला, कोयता पाठीला, माकडासारखा चढायचा.

बाई यायच्या आदल्या वर्षी खालच्या वाडीत तो एका फणसावर चढला असताना पायाखालची फांदी मोडली. हिरवीगार फांदी, पानांनी भरलेली. दोर होता म्हणून लोंबकळत राहिला. खाली उतरला तेव्हा हसत होता, पण त्या दिवसापासून त्यानं मनात काहीतरी धरलं. झाडाला कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पाठची बोथट बाजू, मारून आवाज ऐकायचा, परत ऐकायचा, मग खाली बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "उद्या बघू." शेवंतीवहिनी मला एकदा म्हणाली, "भावजी, ह्यांना झोपेत पण झाड मोडल्यालं दिसतं."

त्यातच खांडके बाई आल्या. कॉलेजच्या. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत वही, भिंग, दुर्बीण आणि त्या बाटल्या. फणसाचं लाकूड खाणाऱ्या बुरशीचा अभ्यास करायला आल्या होत्या. शाळेच्या खोलीत उतरल्या आणि वाट दाखवायला आम्हा दोघांना बरोबर घेतलं.

गोपाळला तर देवच भेटला. सात दिवस तो त्यांच्या मागं मागं. जे विचारायला माझी जीभ वळली नसती ते सगळं त्यानं विचारलं.

"बाई, हा गड्डा फळ म्हणता, तर मग झाड कुठाय?"

"आत. खोडाच्या आत. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे असतात, लाकडात पसरलेले. ते लाकूड खातात. वर्षानुवर्षं खातात, बाहेर कोणाला पत्ता नसतो. पोट भरलं की मग बाहेर फळ धरतं."

"म्हणजे बाहेर फणसांबा दिसला, तवा आत जेवण उरकल्यालं."

"निम्मं तरी."

"आणि झाड हिरवं कसं ऱ्हातं?"

"पाणी वर नेतं ते सालीजवळचं लाकूड. ही खाते मधलं, गाभ्याचं. गाभा मेलेलाच असतो, झाडाला त्याचं दुखत नाही. पानं येतात, फणस लागतात. फक्त वजन पेलायला आत कोणी नसतं."

गोपाळनं बिडी पेटवली. त्याला ती हिरवी फांदी आठवली असणार.

"आत शिरते कुठनं?"

"जखमेतून. फांदी तोडलेली असते, मोडलेली असते, तिथून. त्या फळातून धूळ उडते, पिठाहून बारीक. वाऱ्यानं जाते आणि उघड्या लाकडावर बसते."

मग गोपाळनंच युक्ती काढली. म्हणाला, "बाई, तुमी तपासा, ज्याच्यात ही बया शिरली त्याला मी चुन्याचा पट्टा मारतो. चुना दिसला की मी चढणार नाय. चुना नाय, त्या झाडाला मी मोकळा." बाईंना ते पटलं. फक्त म्हणाल्या, "फळ आलेलं दिसलं तर मी खात्रीनं सांगेन. नुसत्या आवाजावर नाही सांगता येत."

"तेवढं पुरे," गोपाळ म्हणाला.

सात दिवसांत अकरा झाडांना चुना लागला. गोपाळ डबा घेऊन पुढं, बाई मागं. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. शेवंतीवहिनीनं बाईंना घावनं करून घातली.

शेवटच्या दिवशी आमच्या घरामागच्या परड्यात आलो. आमचा बरका फणस, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. दोन पुरुष उंचीवर बेचकं, तिथून दोन मोठ्या फांद्या. गोपाळनं तुंबा मारला. खालून आवाज खणखणीत आला.

"हा लोखंडी हाय," तो म्हणाला.

बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली. बेचक्याकडं बराच वेळ बघितलं. पानं दाट होती. "तिथं वर काहीतरी माती लागल्यासारखी दिसते. वाळवीची का?"

"असंल," मी म्हणालो.

"सोनूभाऊ, ह्या झाडावर फणसांबा कधी आला होता? आठवून सांगा. काढून टाकला असेल तरी सांगा. काढल्यानं ती जात नाही."

आई मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

मी म्हणालो, "नाय."

आईचा हात पुन्हा चालू झाला. बाईंनी वहीत लिहिलं. गोपाळनं चुन्याचा डबा उचलला आणि पुढं निघाला.

बाई परड्यात येण्याआधी बारा दिवस मी त्याच बेचक्यातून कोयत्यानं फणसांबा खरवडून काढला होता. दरवर्षी काढायचो. आणि बाई गावात आल्यात, वाडीभर माना वर करून झाडं बघत फिरताहेत असं ऐकलं तेव्हा परत चढून त्या जागेवर शेणमाती लिंपून आलो होतो. जागा कोणाला दिसू नये म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

त्या संध्याकाळी परत येताना गोपाळनं मला कोपरखळी मारली. "सोन्या, तुझ्या आयेचा फणसांबा कुठल्या झाडाचा रं? ते झाड बाईंना दाखवलंस का नाय?"

"गुण जाईल," मी म्हणालो.

"मग नको सांगूस. पण त्या झाडावर मला पाठवू नको म्हणजे झालं." आणि हसला.

मी पण हसलो. मनाशी म्हणालो, आपल्या फणसावर आपणच चढतो, अठरा वर्षं चढतोय, गोपाळचा काय संबंध.

बाई गेल्या. दोन आठवड्यांनी ऐनाचं खोड लोटताना माझा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पट्टा बांधला आणि आगोटीपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, हात वर करायचा नाही म्हणाला. तोवर मे संपत आला. आमचा फणस त्या साली असा लागला होता की खोड दिसेना. वरचे पिकून खाली फुटायला लागले, माश्या घोंगावायला लागल्या, परडंभर आंबूस वास.

आई म्हणाली, "गोपाळला बोलव."

मी म्हणालो, "बघू. खांदा बरा झाला की मीच."

"तवर पाऊस येईल. काय झालंय तुला?"

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. दोघांनाही ठाऊक होतं आपण काय बोलत नाही ते. पण खरं सांगतो, तिला बुरशीचं काही माहीत नव्हतं. बाईंचं ते आतल्या धाग्यांचं बोलणं तिनं ऐकलंच कुठं होतं. ऐकलं होतं ते मी.

गोपाळला मी बोलवायला गेलोच नाही. तोच आला. शेवंतीवहिनीला घेऊन, दोर खांद्यावर. "तुझं फणस सडून चाललं आणि तू लंगड्या बैलासारखा बसलास. सांगायचं नाय?"

"राहू दे, गोपाळ. माझा खांदा..."

"तुझ्या खांद्यानं चढायचंय का माझ्या?" त्यानं खोडाला हात लावला, सगळीकडून फिरून बघितलं. "चुना नाय. बाईंनी पास केल्यालं पोर हाय हे."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. चार शब्द होते. जागा सांगितली असती तर आईचा गुण गेला असता, एवढंच. पण मला भीती गुणाची नव्हती. बाईंसमोर त्याच्या देखत मी नाय म्हणालो होतो, ते खोटं होतं हे आता ह्याला कसं सांगू, ही भीती होती. आणि मी स्वतःला सांगितलं, शिमग्याच्या आधी मीच चढलो होतो. पेललं. ह्याचं वजन माझ्याहून कमीच आहे. त्या वेळी फणस अजून मुठीएवढेही झाले नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

गोपाळ चढला. खालचे फणस कोयत्यानं तोडून दोरानं खाली सोडायला लागला. शेवंतीवहिनी खाली उभी राहून गाठ सोडायची, फणस बाजूला ठेवायची. दोघांची रोजची बडबड चालू.

"ह्यो तुझ्या भावासारखा हाय बघ. नुसतं काटं, आत गर नाय."

"माझ्या भावाचं नाव काढू नका, खाली आल्यावर बघते."

चौदा फणस उतरले. मग तो बेचक्यात गेला, एक पाय ह्या फांदीवर, एक त्या. दोर एका फांदीला बांधला, गाठ आवळायला वाकला आणि थांबला.

"सोन्या," वरून हाक आली. "हितं शेण कोणी लिंपलंय रं?"

मी वर बघितलं. पानांतून त्याचं तोंड दिसत होतं. शेवंतीवहिनी माझ्या बाजूलाच होती.

"मी लिंपलं," मी म्हणालो. "वाळवी लागली व्हती."

गोपाळ हसला. मोठ्यानं नाही, नाकातून हसल्यासारखं. हसत हसत मान हलवली. काहीतरी बोलणार होता.

आवाज फार मोठा झाला नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, ओलं गोणपाट फाडल्यासारखा झाला. बेचकं मधोमध उकललं, एक अख्खी फांदी फणसांसकट खाली आली, आणि दोर त्याच फांदीला बांधलेला होता.

पुढचं सांगत नाही. तालुक्याच्या गावी न्यायला जीप मिळाली, पण घाटात पोचेपर्यंत जीपला घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

बाईंना कोणी कळवलं ठाऊक नाही. पंधराव्या दिवशी आल्या. पाऊस सुरू झाला होता. शेवंतीवहिनीकडं बसून आल्या आणि मग एकट्याच परड्यात आल्या. उरलेलं झाडही पहिल्या वाऱ्यापावसात मुळासकट आडवं झालं होतं. मी छत्री धरली, त्यांनी ती बाजूला केली.

उकललेल्या जागी आत बघितलं. मधलं सगळं लाकूड पांढरं, भुसभुशीत, पोळ्यासारखं भोकाभोकाचं. बोटानं दाबलं तर बोट आत गेलं. कडेला तपकिरी रेघ, कोणीतरी आखल्यासारखी. त्या रेघेबाहेर चार बोटं चांगलं लाकूड, आणि मग साल. एवढ्या चार बोटांवर चौऱ्याण्णव फणस आणि एक माणूस. फणस मी नंतर मोजले.

बाईंनी बाटली काढली. थेंब सोडला. काळा झाला. ह्या वेळी त्या "बघा" म्हणाल्या नाहीत.

मग त्यांना लिंपलेलं दिसलं. पावसानं निम्मं धुतलं होतं. त्यांनी नखानं उरलेलं काढलं. खाली खरवडल्याच्या खुणा, एकीवर एक.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"बेचक्यातली फांदी माझ्या लग्नाच्या मांडवाला तोडली. सहाव्या वर्षी पहिला फणसांबा आला. तवापासून दरसाल."

"आणि दरसाल काढलात."

"औषध म्हणून. आमच्यात जागा सांगत नाहीत, बाई."

त्यांनी बाटलीला बूच लावलं. मला वाटलं आता बोलतील, मी बोलणी खायला तयार होतो. त्या म्हणाल्या, "मी वर चढून बघायला हवं होतं." वही पिशवीत टाकली आणि गेल्या. त्या कोणाला बोलल्या नाहीत. वाडीत लोक म्हणाले, झाडाला रोग होता, बाईंना पण नाही कळला. त्यांच्यावर ढकलून मी बावीस वर्षं गप्प बसलो.

आईनं तो डबा बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वहाळाच्या पाण्यात रिकामा केला. मरायच्या आधी मला एकदाच म्हणाली, "तू सांगितलं असतंस ना, तर मी काय बोलले नसते, सोनू. गुण काय, गेला असता तर गेला असता."

करवत मी परत धरली नाही. जोडीला कोण नव्हतं. तो फणसही तसाच पडून राहिला, कापायला हात झाला नाही. वरच्या बाजूला नेचे उगवले, कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या. आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच्यावर फणसांबे येत राहिले, एक नाही, पाच पाच. मेलेल्या लाकडातही ती जगते. मी कधी हात लावला नाही.

गेल्या भादव्यात दुपारी शेवंतीवहिनी आली. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी लग्नकार्यालाच आली होती, परड्यात कधीच नाही. केस पांढरे झालेत, पाठीत वाकलीय.

"नातवाचं तोंड आलंय," ती म्हणाली. "दवाखान्याचं औषध झालं. गुण नाय. तुमच्याकडं असंल काय फणसांबा?"

"आहे. पण डब्यात नाही."

"मग कुठाय?"

असं कोणी विचारत नाही आमच्यात. ती विचारून माझ्याकडं बघत राहिली. मी कोयता घेतला आणि तिला मागच्या बाजूला नेलं. त्या पडलेल्या फणसापाशी गेल्यावर ती दोन पावलं मागं थांबली.

"ह्याच झाडाचा," मी म्हणालो. "आईचा तो हितलाच असायचा. वर बेचक्यात. बाईंनी विचारलं तवा मी नाय म्हणालो. मीच खरवडला व्हता, आणि दिसू नये म्हणून शेण लावलं व्हतं. गोपाळला सांगितलं नाय. वर चढला तवा पण नाय."

एवढं बोलायला मला बावीस वर्षं लागली, आणि बोलून झालं तेव्हा एक कोंबडी खोडातून फडफडत बाहेर आली, तेवढाच आवाज.

शेवंतीवहिनीनं पदर सारखा केला.

"भावजी," ती म्हणाली, "वाळवी लागली म्हणून शेण लावलं म्हणालात तुमी. मी हितंच उभी व्हते. शेणावर तर वाळवी येते. वाळवीला शेण कोण लावतं?" जरा थांबली. "ते पण म्हणून हसले."

मी कोयता खाली ठेवला.

"मला त्याच दिवशी कळलं, तुमी कायतरी लपवताय. काय ते नव्हतं कळलं. वाटलं, येतील कधीतरी सांगायला. पहिली चार-पाच वर्षं रोज वाटेकडं बघायची. मग सोडलं."

 

ती पुढं आली. वाकून खोडाला हात लावला, जिथं एक जुना मोठा गड्डा होता तिथं. "हा काढा."

"जागा सांगितली, वहिनी. आता ह्याला गुण यायचा नाय."

"काढा. पोराला भाकर खाववत नाय."

मी काढला. ती घेऊन निघाली नाही. माझ्या ओटीवर येऊन बसली, आईची सहाण अजून कोपऱ्यात होती ती पुढं ओढली, तांब्यातलं पाणी ओतलं आणि सहाण माझ्याकडं सरकवली.

"उगाळा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं."

मी उगाळत बसलो. पाणी आधी तांबूस झालं, मग दाट. ती समोर बसून बघत होती. पुरे असं काही तिनं म्हटलं नाही, म्हणून मी थांबलो नाही.